देवाची करणी आणि टायरमध्ये हवा

शुक्रवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या लोणावळा?' पुढच्या वीस मिनिटांत सगळं ठरतं. कोणाच्या बाबांची गाडी, कोण कुठून बसणार, पेट्रोलचे पैसे कसे वाटायचे, जाताना कामशेतला थांबायचं की थेट भुशीला. गाण्यांवरून भांडणही होतं. फक्त एक प्रश्न कोणी विचारत नाही. 'हवा चेक केलीस का रे?'

आता दुसरं दृश्य. इंटर्न म्हणून माझ्या वाट्याला अपघाताच्या छोट्या बातम्या येतात. त्यात एक वाक्य हमखास असतं, 'टायर फुटल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.' मीही ते टाइप केलंय. या वाक्याची गंमत अशी, की त्यात कोणीच काही केलेलं नसतं. टायर आपला आपण फुटतो, ताबा आपला आपण सुटतो. वीज पडावी तसं. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो.

पण हे वाक्य एकदा कोर्टात उभं राहिलं आणि टिकलं नाही. ती केस आपल्याच रस्त्यावरची आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तिघे सहकारी कारने पुण्याहून मुंबईला निघाले होते. वाटेत मागचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात कोसळली आणि त्यातल्या ३८ वर्षांच्या एकाचा मृत्यू झाला. गाडी चालवत होता त्याचा सहकारी. २०१६ मध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. विमा कंपनी हायकोर्टात गेली आणि म्हणाली, टायर फुटणं ही 'अ‍ॅक्ट ऑफ गॉड' आहे, म्हणजे देवाची करणी. आमची जबाबदारी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी हे म्हणणं फेटाळलं. भूकंप, पूर यांसारखी, कोणाही माणसाच्या हातात नसलेली नैसर्गिक घटना म्हणजे देवाची करणी. टायर फुटण्यामागे जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना वापरलेला टायर, तापमान अशी कारणं असतात. निघण्याआधी टायर बघणं हे चालकाचं नाहीतर मालकाचं काम आहे, आणि नुसतं 'टायर फुटला' म्हणून सुटका होत नाही, असा त्या निकालाचा आशय.

त्याच वर्षी १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. चालकाने पहिल्यांदा काय सांगितलं? टायर फुटला. नंतर अमरावती आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नसल्याचं समोर आलं. म्हणजे बघा, टायर खरंच फुटला तर ती देवाची करणी, आणि नसेल फुटला तरीही तोच बिचारा कामाला येतो.

मग टायर फुटतो कशाने? हे कळायला मेकॅनिक असायची गरज नाही. पार्किंगमध्ये जा, गाडीशेजारी उकिडवे बसा आणि टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते मोबाइलच्या टॉर्चने वाचा. बऱ्याच गाड्यांवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' अशा धर्तीचं काहीतरी असतं, अर्थात इंग्रजी आकड्या-अक्षरांत. पहिले आकडे टायरची रुंदी, उंचीचं प्रमाण आणि रिमचा आकार सांगतात. आपल्या कामाचं शेवटी आहे. ८८ हा वजनाचा कोड; ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो. त्यानंतरचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. (एच हे अक्षर टी आणि यू यांच्याही पुढे का, असं विचारू नका. यादी वर्णमालेप्रमाणे चालते आणि एच मध्येच उडी मारून यू आणि व्हीच्या मधे जाऊन बसतो.)

आता इथे एखादा हुशार मित्र म्हणणारच, 'बघ, टायर २१० ला चालतो, आपण एक्स्प्रेसवेवर १२० ने चाललोय, घाबरतेस काय!' आधी हे, की मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारची मर्यादा सपाटीला १०० आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि जुलै २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची यंत्रणा दंडाची पावती थेट मोबाइलवर पाठवते. पण मुद्दा तो नाही. ते अक्षर म्हणजे परवानगी नाही. प्रयोगशाळेत एका फिरत्या ड्रमवर नवा कोरा टायर ठरलेल्या वजनाने दाबून धरतात, ठरलेली हवा भरतात, आणि टप्प्याटप्प्याने वेग वाढवत तासाभराची परीक्षा घेतात. तिथे तो पास झाला, तर ते अक्षर मिळतं. तिथे खड्डा नसतो, पंक्चर काढलेलं नसतं, हवा सात पॉइंट कमी नसते आणि टायर सहा वर्षांचा नसतो. बोर्डाला ९५ टक्के पडले होते म्हणून आज अभ्यास न करता पेपरला बसण्यासारखंच आहे हे.

वजनाचंही तसंच. ५६० गुणिले ४, म्हणजे २,२४० किलो. हॅचबॅक माणसं-सामानासकट साधारण तेराशे-चौदाशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे सहावा मित्र डिकीत कोंबला तरी कागदावर टायर हसत हसत वजन उचलतो. (त्याला डिकीत कोंबू नका, कारण वेगळं आहे.) मग एवढी ऐसपैस जागा असताना टायर फुटतात कसे?

उत्तर आहे उष्णता, आणि उष्णतेचं सगळ्यात मोठं कारण कमी हवा. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दर फेरीत चेपतो आणि पुन्हा सरळ होतो. वर सांगितलेल्या आकाराचा टायर ताशी १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण १४ फेऱ्या मारतो. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला १४ वेळा वाकतो. स्टीलची पट्टी पुढे-मागे वाकवत राहिलं तर ती गरम होते आणि शेवटी तुटते, तसंच हे. हवा पुरेशी असेल तर वाकणं थोडं. हवा कमी असेल तर बाजूची भिंत जास्त चेपते, जास्त तापते, आणि आतले पोलादी तारांचे पट्टे आणि रबर यांची पकड सुटायला लागते. बाहेरून काही दिसत नाही. ५६० किलोचा तो आकडासुद्धा पूर्ण हवा असतानाचा आहे. हवा उतरली की क्षमताही उतरते. हिंजवडी ते स्वारगेट असं चाळीसच्या स्पीडने, सिग्नलला थांबत थांबत जाताना हा टायर वर्षभर तक्रार करत नाही. तोच टायर एक्स्प्रेसवेवर अर्धा-पाऊण तास सलग शंभरने पळवला की आतला हिशोब बाहेर येतो. शहरात 'चालतंय की' असणारा टायर हायवेला का फुटतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

म्हणूनच मला सगळ्यात धोकादायक वाटतो तो एक प्रेमळ सल्ला, जो काका, शेजारी, कधीकधी पंपावरचा माणूससुद्धा देतो. 'उन्हाळा आहे, लांब जाताय, हवा जरा कमीच ठेवा, तापून वाढते.' वाढते हे खरं. पण किती? सकाळी ३० अंशाला ३३ भरलेली हवा टायर ६० अंशांपर्यंत तापला तर ३७-३८ होते. ही वाढ कंपनीने आधीच धरलेली असते. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचाच असतो. तुम्ही २६ भरून निघालात तर टायर जास्त वाकणार, म्हणजे जास्त तापणार. ज्याला घाबरून हवा काढली, तेच ओढवून घेतलं. उलट चूकही होते. चहाला थांबल्यावर गरम टायरची हवा मोजून 'बापरे, जास्त झाली' म्हणून काढून टाकणं. नका काढू. त्याच स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगळा, जास्तीचा आकडा असतो. लोणावळ्याच्या ट्रिपला तोच लागतो, कारण त्या दिवशी गाडीत कोणी एकटं नसतं.

आणि नायट्रोजन? भरा हवी तर, तोटा नाही. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरलाय म्हणून सहा महिने टायरकडे न बघणाऱ्यापेक्षा फुकटची हवा महिन्यातून दोनदा बघणारा जास्त सुरक्षित.

'आमच्याकडे गाडी नाही, आम्ही स्कूटरवाले' असं म्हणून हा लेख सोडणार असाल तर थांबा. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आपण देहूरोड, वडगाव, कामशेत, कार्ला फाटा असे जुन्या हायवेने जातो. बऱ्याच लोकप्रिय स्कूटरच्या टायरवर '९०/१०० - १० ५३ जे' असतं. ५३ म्हणजे २०६ किलो, जे म्हणजे ताशी १००. कारच्या टायरला मर्यादेच्या वर ८०-१०० ची ऐस होती, इथे ती नाहीच. स्कूटरचा हा छोटासा टायर ताशी ८० ला सेकंदाला १६ फेऱ्या मारतो, म्हणजे शंभरने धावणाऱ्या कारच्या टायरपेक्षाही जास्त. मागच्या टायरवर दोघं, कधी तिघं, पायाशी बॅग, आणि हवा शेवटची कधी भरली ते आठवत नाही. कामशेतच्या घाटात उतरताना ही आठवण झाली तर बरं.

आता जरा वेगळ्या गाडीकडे वळू, कारण मावळात ती दिसायला लागली आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पवनेच्या काठी तंबू, कार्ल्याला एमटीडीसीचं रिसॉर्ट, आजूबाजूला लोहगड, तिकोना, भाजे; चाकांवरचं घर घेऊन फिरायला याहून सोयीची जागा मुंबई-पुण्याला जवळ नाही. रील्समध्ये हे फार सुंदर दिसतं. आपल्याकडच्या बहुतेक कॅराव्हॅन म्हणजे एकसंध गाड्याच आहेत, कारमागे घर जोडून ओढण्याची अमेरिकन पद्धत इथे तशी विरळ. पण दोन्हींत टायरचं गणित कारपेक्षा वेगळं आहे. कार कधी भरलेली, कधी रिकामी असते. कॅराव्हॅन कायम भरलेली असते: पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी. तिचा टायर आरामात कधीच नसतो. शिवाय ती आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी असते आणि टायर तेवढ्यात म्हातारा होतो.

अमेरिकेत याची एक मोठी केस झाली. गुडइयर कंपनीचा जी १५९ नावाचा टायर मुळात शहरातल्या मालवाहू ट्रकसाठी बनलेला होता. थांबत थांबत, कमी वेगाने जाणाऱ्या गाड्यांसाठी. तो मोटरहोमनाही बसवला गेला आणि ती घरं हायवेवर तासन् तास वेगात धावू लागली. १९९८ ते २०१५ या काळातल्या अपघातांत आठ मृत्यू आणि ६९ जखमी, अशी नोंद तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने केली आणि २०२२ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत मागवले. कंपनीने शेवटपर्यंत टायरमध्ये दोष असल्याचं मान्य केलं नाही. हवा कमी आणि वजन जास्त असलं तर तो निकामी होऊ शकतो, असं तिचं म्हणणं. दोष कोणाचा, हा वाद वकिलांनी घालावा. आपल्याला दिसतं ते एवढंच, की शहराच्या कामाचा टायर हायवेच्या कामाला लावला गेला, आणि मधल्या कोणाला तो फरक महत्त्वाचा वाटला नाही.

मागे काही ओढायचं असेल तर आणखी एक अडचण. कारचा टायर बसायला लागला तर स्टिअरिंगला कळतं, सीटला कळतं. मागच्या ट्रेलरचा टायर बसला तर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही, आरशात धूर नाहीतर रबराचे तुकडे दिसेपर्यंत. सामान धुऱ्याच्या मागे जास्त आणि पुढे कमी ठेवलं, तर वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाच वळवतो. म्हणून जड सामान पुढे, साधारण दहा ते पंधरा टक्के वजन जोडावर येईल असं. घाटात उतरताना सगळं वजन मागून ढकलत असतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून मऊ पडतात, म्हणून खालचा गिअर. ट्रकचालकांना हे पाठ असतं. आपल्याला 'ऑटोमॅटिक आहे, टेन्शन नाही' एवढंच पाठ असतं. आणि ट्रेलर ही कायद्याने वेगळी नोंदणी लागणारी गाडी आहे, वेल्डरकडून हूक लावून घेतला की झालं असं नाही.

पण खरं सांगू? मावळात ओढली जाणारी गाडी म्हटली की मला कॅराव्हॅन आठवत नाही, उसाची ट्रॉली आठवते. थंडीत कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या तुम्हीही पाहिल्या असतील. ट्रॅक्टरच्या टायरवर वेगाचं अक्षर बघा, अनेकदा 'ए ८' असतं. म्हणजे ताशी ४०. 'ए ६' असेल तर ३०. यात ट्रॅक्टरवाल्याची काही चूक नाही, त्याचा टायर शेतासाठीच बनलाय. एक्स्प्रेसवेवर तो येऊही शकत नाही. मात्र जुन्या हायवेला रात्री, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वीसच्या वेगाने चाललेली ट्रॉली आणि मागून नव्वदने येणारे आपण, हे समीकरण कुठल्याच टायरला सोडवता येत नाही. टायरवर लिहिलेल्या वेगाची चर्चा आपण आपल्या गाडीपुरती करतो. रस्त्यावर ४० चे टायर आणि २१० चे टायर एकाच लेनमध्ये असतात.

पावसाळ्याचं थोडक्यात. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकायला असतात. खाचांच्या तळाशी मधे मधे छोटे उंचवटे दिसतील. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच १.६ मिलिमीटरच उरली, टायर बदलायचा. गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतो, अक्षरशः. मग व्ही असो की एच, स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. समृद्धी सुरू झाल्यावर आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी घासलेले टायर तपासायला सुरुवात केली, त्याची थट्टा झाली होती. मला ती थट्टा तेव्हाही कळली नव्हती.

आणि समजा, सगळं करूनही फुटलाच, तर? पहिल्या दोन सेकंदांत ब्रेकवर उभं राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, वेग आपोआप पडला की डावीकडे. यानंतरचा भाग लोक विसरतात. ५ जून २०१६ ला पनवेलजवळ शेडुंगला एक्स्प्रेसवेच्या कडेला दोन गाड्या पंक्चर टायर बदलण्यासाठी थांबल्या होत्या. मागून आलेल्या खासगी बसने त्यांना उडवलं. १७ जण गेले. पंक्चर ही किती साधी गोष्ट! त्या वर्षी या रस्त्यावर एकूण १५१ जणांचा जीव गेला. नंतर कठडे, गस्त, मदतपथकं यांवर काम झालं आणि आकडा खाली आला. पण कडेची ती लेन आजही थांबायला सुरक्षित जागा नाही. हॅझर्ड लाइट लावा, सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं आणि मदत बोलवायची. उजवीकडचा टायर हायवेवर स्वतः बदलायचा शूरपणा करू नका. आणि सेल्फी तर नकोच, हेही लिहावं लागतंय.

हा लेख लिहिताना मी आमच्या घरच्या गाडीखाली डोकावले. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले, नक्षीही ठीक. मग डिकीतली स्टेपनी काढली. २११७. म्हणजे २०१७ सालचा एकविसावा आठवडा. मी तेव्हा शाळेत होते. नक्षी अगदी कोरी करकरीत, कारण ती कधी रस्त्याला लागलीच नाही. पण बाजूला बारीक भेगा, आणि हवा विचाराल तर अंगठ्याने दाबली तरी आत जात होती. बाबा म्हणाले, 'अगं, नवीच आहे ती.'

तर उद्या निघताना पंपावर पाच मिनिटं थांबा. पंप घराजवळचाच घ्या, म्हणजे टायर थंड असतील. स्टिकरवरचा आकडा वाचून सांगा, 'तीस टाका' असं अंदाजाने नको. आणि स्टेपनीतही भरायला सांगा. हवावाला कुरकुर करेल, कारण त्यासाठी डिकीतल्या सगळ्यांच्या बॅगा उतरवाव्या लागतात. करू दे.